कोनशिलांचे दानशूर

या राज्यात दगडाला देणगीदार मिळतो, माणसाला मिळत नाही. रुग्णालयाची नवी इमारत उभी करायची म्हटली की दात्यांची रांग लागते. कोणाला प्रवेशद्वारावर वडिलांचे नाव हवे असते, कोणाला आतल्या दालनावर आईचे. ज्याचा खिसा लहान त्याला निदान लिफ्टशेजारची एक फरशी चालते. रुग्णवाहिका दिली तर तिच्या चारी अंगांनी कंपनीचे बोधचिन्ह इतके ठसठशीत रंगवले जाते की ‘रुग्णवाहिका’ ही अक्षरे शोधावी लागतात. आता याच दात्याकडे जा आणि सांगा, ‘शेठजी, इमारत नको, गाडी नको, यंत्रही नको. आमच्या तालुक्यातल्या वीस बायांना पाच वर्षे दरमहा पगार द्या. त्या घरोघर जाऊन बाळंतिणी बघतील, खचलेल्या पोरांशी बोलतील, दारूने पोखरलेल्या घरांत जाऊन बसतील.’ शेठजींचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘पगार? पगारासाठी आम्ही निधी देत नाही. आमच्या धोरणात बसत नाही.’ हे उत्तर ऐकले नाही असा आरोग्य कार्यकर्ता गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत शोधून सापडायचा नाही.

हे धोरण माणसे मारते. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे, आणि ते गोड शब्दांत सांगण्याची आमची तयारी नाही.

‘दानशूर’ हे विशेषण आधी काढून घेऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायचे आहेत. करायचे आहेत, म्हणजे करावेच लागतात. कायद्याने द्यावी लागणारी रक्कम दिली म्हणून शाल-श्रीफळ कशाचे? घरपट्टी भरणाऱ्याचा सत्कार होत नाही. धर्मादाय न्यासांची गोष्ट याहून निराळी नाही. त्यांच्या उत्पन्नावर कर माफ, त्यांना देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत. जो पैसा कर म्हणून सरकारी तिजोरीत येऊन कुठल्या तरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांना लागला असता, तो तुमच्या विश्वासावर तुमच्याकडे ठेवला आहे. त्या पैशाचे तुम्ही कारभारी आहात, मालक नव्हे. दारू आणि तंबाखू विकून कमावलेल्या नफ्यालाही हे दोन टक्के लागू होतात, हा या कायद्याचा एक विनोदच म्हणायचा. आधी पोराला नादी लावा आणि मग त्याच्या ‘सर्वांगीण विकासा’साठी शिबिर भरवा!

रक्कम लहान नाही. २०२२-२३ या एका वर्षात देशातल्या कंपन्यांनी या कलमाखाली जवळजवळ ३० हजार कोटी रुपये खर्च केले. राज्यवार वाटणीत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, ५ हजार कोटींच्या वर. त्याशिवाय जुने न्यास, देवस्थाने, परदेशी फाउंडेशने आहेतच. तेव्हा ‘पैसा नाही’ ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. पैसा आहे. तो चुकीच्या जागी ओतला जातो, आणि ती जागा चुकीची आहे हे ओतणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

ठाऊक असते असे आम्ही म्हणतो, कारण बरोबर जागा कोणती हे याच भूमीत सिद्ध झाले आहे, आणि एकदा नव्हे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, डॉक्टरांनी पाठ फिरवलेला. त्यांनी गावागावांतून बाया निवडल्या; पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा गावकुसाबाहेरच्या. त्यांना शिकवले आणि गावाचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्या हातून गावाची बाळंतपणे होऊ लागली. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातले आरोग्यतज्ज्ञ जामखेडची वाट विचारत आले. आमच्या उद्योगपतींना मात्र ती वाट अजून सापडलेली दिसत नाही.

मग गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायांना, नवजात बाळाची काळजी घरच्या घरी कशी घ्यायची ते शिकवले. बाळाचे वजन, ऊब, श्वास, आणि जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचे इंजेक्शन. शहाण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या: खेड्यातली बाई इंजेक्शन देणार? दिले. १९९३ ते ९५ या दोन वर्षांत आधी नुसती मोजणी केली, मग १९९५ पासून तीन वर्षे काम केले. नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. शेजारच्या ज्या ४७ गावांत हे काम नव्हते तिथे तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले आणि २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आता हिशेब पाहा. आजचे दाते देतात तशा अकरा महिन्यांच्या प्रकल्पात यातली एकही गोष्ट झाली नसती. पहिली दोन वर्षे तर नुसते मोजण्यात गेली! आजच्या एखाद्या सीएसआर समितीपुढे हा प्रस्ताव ठेवला असता, तर ‘पहिल्या तिमाहीत लाभार्थी किती?’ एवढ्या एका प्रश्नावर तो बाद झाला असता, आणि ती बाळे मेली असती.

शरीराचे झाले, मनाचे काय? तेही सिद्ध आहे. अमरावती जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून देशाला कळले. त्याच जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, टाटा ट्रस्टच्या पैशाने. गावातले कार्यकर्ते, थोडे समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ अशी तीन पायऱ्यांची बांधणी. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदत मागत होते. दीड वर्षाच्या कामानंतर सत्तावीस जण मागू लागले. आत्महत्येचे विचार मनात येतात असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. या पाहणीला तुलनेचा गट नव्हता, हे आम्ही लपवत नाही. पण मग गोव्याकडे बघा. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नीट तुलनागट ठेवून प्रयोग केला. मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवले. त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा ठरलेल्या पद्धतीने बोलायचे. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. हे २०१७ साल. पैसा कोणाचा? लंडनच्या वेलकम ट्रस्टचा. म्हापशा-मडगावच्या माणसाचे मन समजून घेण्यासाठी १९३६ साली मेलेल्या एका ब्रिटिश औषध कारखानदाराचे मृत्युपत्र उपयोगी पडते, आणि इथला जिवंत कारखानदार फरशीवर नाव कोरण्यात गुंतलेला असतो.

या चारही कामांचा कणा इमारत नव्हे. फीत कापायला जागा नाही. कणा आहे ती शिकवलेली, देखरेख असलेली, त्या त्या भागातलीच माणसे. अशा कामात खर्चाचा मोठा भाग पगार, प्रवास आणि प्रशिक्षण हाच. आणि नेमकी हीच तीन कलमे आपल्या दात्यांना ‘वरखर्च’ वाटतात!

इथे कंपन्यांचे अधिकारी कायदा पुढे करतात. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा असा नियम आहे, आम्ही काय करणार?’ महाशय, तो नियम नीट वाचा. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर होणारा खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. वाडीवर चालत जाणाऱ्या बाईचा पगार हा प्रशासकीय खर्च नाही, तोच प्रकल्प आहे. दुसरी सबब मुदतीची. ‘आमचे आर्थिक वर्ष मार्चला संपते.’ संपू द्या! याच कायद्यात चालू प्रकल्पासाठी सुरुवातीचे वर्ष धरून चार वर्षांची मुभा आहे. न खर्चलेली रक्कम निराळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. कायदा चार वर्षे देतो आणि तुम्ही अकरा महिने देता. मग दोष कायद्याचा की तुमचा?

खरी अडचण वेगळीच आहे. घरोघर फिरणाऱ्या बाईचे छायाचित्र वार्षिक अहवालात उठून दिसत नाही. टळलेल्या मृत्यूचे उद्घाटन करता येत नाही. जो मुलगा गेल्या वर्षी जिवाचे बरेवाईट करणार होता आणि कोणीतरी वेळेवर शेजारी बसल्याने थांबला, त्याला व्यासपीठावर उभे करून त्याच्या गळ्यात कंपनीच्या नावाची पट्टी घालता येत नाही. म्हणून मग यंत्रे येतात. ज्या ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञाचे पद रिकामे, तिथे सोनोग्राफीचे यंत्र भेट जाते आणि प्लॅस्टिकच्या आवरणाखाली म्हातारे होते. ते चालवायला माणूस लागतो, आणि माणसासाठी पैसे धोरणात नाहीत.

तरुणांच्या नावाने चाललेला तमाशा तर संताप आणणारा आहे. दहा ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या सकाळी शहराशहरांत मॅरेथॉन निघते. पोरांना टी-शर्ट मिळतो, छातीवर घोषवाक्य, पाठीवर प्रायोजक. कोणी प्रेरणादायी वक्ता विमानाने येतो आणि ‘सकारात्मक राहा’ सांगून विमानाने जातो. दुपारपर्यंत सारे संपते. आणि अकरा ऑक्टोबरला? पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची सहावी ‘अटेम्प्ट’ देणारा मुलगा, लातूरच्या वसतिगृहात नीटच्या सराव परीक्षेचे गुण घरी कसे सांगायचे या विचाराने जागी असलेली मुलगी, मेळघाटातल्या आश्रमशाळेत तापाने फणफणलेले आणि कोणाशीच न बोलणारे लेकरू, यांच्यासाठी कोण असते?

आकडे ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदीप्रमाणे २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या देशात १३,०४४. महाराष्ट्रात १,७६४, इथेही आपला पहिला क्रमांक. प्रगत, पुरोगामी, औद्योगिक महाराष्ट्र! २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना मानसिक आजार आढळला होता. मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एकही पुरा भरत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. म्हणजे डॉक्टरांची वाट बघत बसलो तर या पिढीची पोरे म्हातारी होतील, म्हातारी होईपर्यंत जगलीच तर. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. न्यायालयाने सांगितले; पगार कोण देणार? आमच्या शिक्षणसम्राटांना प्रवेशद्वाराची कमान बांधायला पैसा असतो, समुपदेशकाला नसतो. बहुतेक ठिकाणी चित्रकलेच्या नाहीतर खेळाच्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम जादा तासासारखे बांधले जाईल आणि तपासणीच्या दिवशी दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी झळकेल.

१४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चोवीस तास आणि फुकट आहे. चांगली गोष्ट आहे. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक घराने तो क्रमांक लिहून ठेवावा. पण फोनवरचा आवाज संकटाची रात्र पार करून देतो. दुसऱ्या दिवसापासून कोणीतरी गावातच लागते. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ नावाच्या उपक्रमाने तेच केले: गावातल्याच चार विश्वासू माणसांना ऐकून घ्यायला शिकवले. पुढे तो उपक्रम गुजरातेत मेहसाण्यात वाढला. आमच्या नाशकाचे रोपटे शेजारच्या राज्यात मोठे झाले याचा आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची, ते वाचकांनी ठरवावे.

आता धर्मादाय रुग्णालयांकडे वळू, कारण दानाच्या नावावर सर्वांत मोठी दांडगाई तिथे चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली, १ सप्टेंबर २००६ पासूनची योजना स्पष्ट आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत. दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. रुग्णांच्या एकूण बिलांचे दोन टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’त वेगळे ठेवायचे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करायचे, अनामत मागायची नाही. ही मेहेरबानी नव्हे. सवलतीतल्या जमिनी, माफ झालेले कर यांच्या बदल्यात केलेला करार आहे. राज्यात अशी रुग्णालये साडेचारशेच्या पुढे आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असलेला माणूस निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आतला दुर्बल. म्हणजे महाराष्ट्रातली किती कुटुंबे या योजनेत बसतात ते बघा, आणि त्यांतल्या कितींना हे ठाऊक आहे ते विचारा!

प्रत्यक्षात काय होते? खाटा नेहमी ‘भरलेल्या’. फॉर्म आणायला तहसील कचेरी, शिधापत्रिका गावाकडे, समाजसेवा अधिकाऱ्याची वेळ सकाळी दहा ते बारा. रुग्णाचा नातेवाईक हरतो, गळ्यातले मोडतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे लाखोंची अनामत मागितल्याचा आरोप झाला. त्या बाईचा मृत्यू झाला होता; शहर पेटून उठले, चौकशा लागल्या आणि धर्मादाय आयुक्तालयाने रुग्णालयांना पुन्हा बजावले की तातडीत अनामत घेऊ नका. पुन्हा! एकोणीस वर्षे जुना नियम पुन्हा बजावावा लागतो, याचा अर्थ एकोणीस वर्षे तो कोणी पाळला नाही आणि न पाळणाऱ्याचे काही बिघडले नाही. आम्ही विचारतो, कोणत्या रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीत आज किती रुपये पडून आहेत, हे त्याच्या दारावर रोज का लिहिले जात नाही? देणगीदारांच्या नावांना संगमरवर मिळतो; गरिबाच्या हक्काच्या रकमेला एक काळा फळा मिळू नये?

भूगोलाचाही अन्याय आहे. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, वाशिम, धाराशिव, गडचिरोली. सीएसआरचा पैसा कुठे जातो? जिथे कारखाने आणि मुख्य कचेऱ्या आहेत तिथे: मुंबई, ठाणे, पुणे, रायगड. कायद्यानेच आपल्या परिसराला प्राधान्य द्या असे म्हटले आहे, आणि कंपन्यांनी ते सोयीने धरून ठेवले. ज्या जिल्ह्यात कारखाना नाही तिथे रोजगार नाही. रोजगार नाही म्हणून तिथली पोरे हिंजवडी-चाकणला येतात, तिथे राबतात, त्यांच्या घामातून नफा होतो, आणि त्या नफ्याचे दोन टक्के मात्र त्यांच्या आईबापांच्या गावापर्यंत पोहोचत नाहीत. नंदुरबारातल्या धडगावची बाई कुपोषित मूल कडेवर घेऊन डोंगर उतरते तेव्हा ती कोणत्या कंपनीचा ‘परिसर’ असते?

सरकारने या लेखात आपली सुटका झाली असे समजू नये. न्यासांनी एखादी गोष्ट करून दाखवावी, धोका पत्करावा, चुकावे, सुधारावे, आणि जमली की सरकारने ती कायमची अंगावर घ्यावी, अशी कामाची वाटणी हवी. ती पूर्वी झालेली आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली परळला कर्करोगाचे रुग्णालय उभारले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. आज देशभरातला गरीब कर्करुग्ण या टाटा रुग्णालयात येतो तो त्या वाटणीमुळे. दात्याने सुरू केले, राज्याने सांभाळले. (इमारत होती, हे खरे, पण तिच्या आत माणसे कायम राहतील याची सोयही झाली.)

आणि आज? जामखेड-गडचिरोलीसारख्या कामांवरून देशाने ‘आशा’ घेतली, २००५ पासून. कल्पना घेतली, पगार दिला नाही. आशाताई ही सरकारी कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला वेतन नाही, तुटपुंजे मानधन आणि कामागणिक मोजलेला ‘मोबदला’ आहे. करोनात तिनेच दारोदार जाऊन ताप मोजला, तेव्हा तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्याच बायांना जाहीर झालेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून संपावर जावे लागले, आझाद मैदानात उघड्यावर बसावे लागले. ज्या राज्यात मंत्र्याची घोषणा आणि तिचा कागद यांच्यामध्ये हजारो बायांचा संप लागतो, त्या राज्याने कंपन्यांना समाजसेवेचे धडे देऊ नयेत. खासगी दात्याने पगार नाकारायचा आणि सरकारने मोबदला थकवायचा. मधल्या मध्ये चालते ती बाई.

आणि संस्थाचालकहो, तुम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. दात्याला आवडते म्हणून तुम्हीच प्रस्तावात यंत्रे लिहिता. एकाच शिबिराचे तीन दात्यांना तीन अहवाल जातात. कार्यकर्तीला सहीसाठी एक आकडा आणि हातात दुसरा, हे कुठेच घडत नाही असे छातीवर हात ठेवून सांगा. मुलगा-सून-जावई विश्वस्त झालेल्या न्यासांनी पारदर्शकतेवर परिसंवाद भरवू नयेत. गाडगेबाबांनी कीर्तनांतून जमलेल्या पैशांवर धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करुग्णांचे नातलग अंग टाकतात. आपण उभ्या केलेल्या संस्थांवर आपल्या घरच्यांचा हक्क नाही, असे बाबांनी बजावून ठेवले होते. हातात खराटा घेतलेल्या अडाणी म्हणवणाऱ्या त्या माणसाला जे कळले ते समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीत शिकवत नाहीत काय?

वाचकहो, तुमच्याबद्दलही दोन शब्द ऐका. देवस्थानाच्या हुंडीत टाकलेल्या सोन्याचा हिशेब तुम्ही विचारत नाही, वाढदिवसाला अनाथाश्रमात जिलेबी वाटून छायाचित्र मात्र टाकता. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनाही गावच्या शाळेवर आईच्या नावाची खोली हवी असते. त्या खोलीत शिकणाऱ्या पोरींशी वयात येण्याबद्दल, भीतीबद्दल, लग्नाच्या घाईबद्दल बोलणारी एक ताई तीन वर्षे तिथे राहावी म्हणून किती जणांनी पैसे पाठवले?

आम्हाला काय हवे आहे ते मोघम ठेवत नाही. प्रत्येक कंपनीने आणि प्रत्येक मोठ्या न्यासाने आरोग्य आणि तरुणांवरच्या खर्चातला निदान निम्मा वाटा माणसांच्या पगारावर, प्रशिक्षणावर आणि प्रवासावर लावावा, आणि करार कायद्याने दिलेल्या पूर्ण चार वर्षांचा करावा. परिसराची अट चार आकांक्षित जिल्ह्यांना आडवी येणार नाही, एवढी दुरुस्ती केंद्राकडून करून घेणे हे महाराष्ट्राच्या खासदारांचे काम आहे. ते जमत नसेल तर दिल्लीत बसून करता काय? आणि धर्मादाय आयुक्तांनी रुग्णालयवार निर्धन रुग्ण निधीची शिल्लक, रोजच्या रोज, दारावर आणि संकेतस्थळावर, मराठीत लावायला भाग पाडावे. ज्या रुग्णालयाला ते जाचक वाटते त्याने धर्मादाय ही बिरुदावली आणि तिच्याबरोबरच्या साऱ्या सवलती परत कराव्यात. आशांना वेतनश्रेणी द्यावी, हे आम्ही याआधी लिहिले आहे, पुन्हा लिहू.

मार्चअखेरीस विश्वस्त मंडळांच्या बैठका भरतील, उरलेला निधी संपवण्याची धांदल उडेल, यंत्रांची दरपत्रके मागवली जातील. एप्रिलमध्ये आम्ही राज्यातल्या मोठ्या कंपन्यांना आणि न्यासांना पत्राने दोनच प्रश्न विचारणार आहोत: गेल्या वर्षी तुमच्या पैशातून किती आरोग्य कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना पगार मिळाला, आणि तो किती वर्षे मिळण्याची लेखी हमी आहे. उत्तरे येतील तशी छापू. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांचेही नाव छापू, आणि त्यापुढची जागा कोरी ठेवू.